सोंगाची गाठ

बोहाडा जवळ आला की सोंग घेणाऱ्याच्या पायांना रोज तेल लावायचं, हे काम आमच्या घरात सुनेचं. खुरासणीचं तेल वाटीत कोमट करायचं, माणसाला ओट्यावर पालथं निजवायचं आणि टाचेपासून वर हात नेत राहायचं. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूने हे काम माझ्याकडे दिलं. सासरे पालथे पडलेले आणि मी डोक्यावरचा पदर दातात धरून बसलेली. सासूने माझा हात धरला आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यामागच्या लवणीत ठेवला. हाताखाली लिंबाएवढी गाठ होती आणि ती उडत होती. बेडकाचा गळा उडतो तशी.

मी हात मागे ओढला. सासू हसली.

"भिऊ नको. सोंगाची गाठ हाय ती. दाबायची नाय, वरून नुसता हात फिरवायचा. सगळ्यांना नाय येत."

सासरे पडल्या पडल्या म्हणाले, "संबळ लागतो ना गं हाताला? माझ्या पायातच वाजतो तो."

आमच्या घराकडे त्राटिकेचं सोंग. होळीनंतर बोहाड्यात देवीपुढे एकेक मुखवटा नाचत येतो, गणपती, मारुती, रावण, आणि ज्या घराचा मुखवटा त्याच घरच्या पुरुषाने तो नाचवायचा. त्राटिका राक्षसीण, तरी बाईने मुखवट्याला हात लावायचा नाही. बाईचं लुगडं मात्र लागतं. ते घरच्या सुनेने द्यायचं, आणि एकदा दिलं की ते सोंगाचं झालं. धुवून घडी करून पेटीत ठेवायचं, बोहाड्याला काढायचं. सुनेने ते पुन्हा नेसलं तर ते उष्टं होतं, मग सोंगाला चालत नाही. मी माझ्या लग्नातलं हिरवं लुगडं दिलं होतं. एकदाच अंगाला लागलेलं.

त्राटिकेची पावलं अवघड. गुडघा पुरता मोडून खाली बसायचं, तिथून उसळून उठायचं, गिरकी घ्यायची, पुन्हा बसायचं, तेही तोंडावर जड मुखवटा बांधून. वर्षानुवर्षं असं नाचलं की सोंग गुडघ्यात मुक्कामाला येतं, अशी आमच्या भावकीत समजूत होती. सासऱ्यांच्या बापालाही गाठ होती म्हणतात. त्यामुळे गाठ हे दुखणं आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. पाहुणे आले की सासरे धोतर वर करून दाखवायचे, आणि पाहुणे वाकून हात लावायचे.

मग एका सकाळी, खळ्यावर भात झोडत असताना, सासरे ओरडून खाली बसले. उजवा पाय धरलेला. मी धावत गेले तर पाऊल पांढरं पडलेलं आणि थंडगार. नदीतल्या दगडाला हात लावावा तसं. पेंढ्यात फुरसं असेल, तेच चावलं, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी ते धरलं. दाताची खूण कोणालाच सापडली नाही. दुसऱ्या दिवशी पाऊल निळं झालं आणि मग काळं.

शेजारच्या पाड्यावर एक म्हातारा होता, गळवं फोडायचा. तो पातं घेऊन आला. गाठ बघून म्हणाला, "इतके दिवस ठसठसतीय म्हणजे आत पू हाय. तो पायात उतरला."

सासू आडवी आली. "सोंगाच्या गाठीला पातं लागणार नाय."

तो शिव्या देत निघून गेला. सासऱ्यांना झोळीत घालून मोखाड्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे पाय कापायला पुढे पाठवावं लागेल म्हणाले. सासरे म्हणाले, पाय कापून मी त्राटिका कशी नाचू? परत आणलं. पावसाळा बघितला नाही त्यांनी.

त्या आजारपणातही मी तेल लावत होते. पाऊल काळं पडलं तेव्हा गाठ होती तिथेच होती, पण उडत नव्हती. कडक झाली होती. मी सासूला हळूच सांगितलं. ती म्हणाली, "सोंग निघून गेलं त्यांच्यातून." आणि रडायला लागली. मीही तेच खरं मानलं.

मुखवटा माझ्या नवऱ्याकडे आला. तो बापापेक्षा चांगला नाचायचा, हे गावात सगळे बोलत. एरवी वीटभट्टीवर, शेतात, कुठेही असला तरी होळीला घरी. आम्हाला दोन मुली. त्या सासरी गेल्या, सासूही गेली, आणि घरात मी आणि तो उरलो. अशाच एका वर्षी तेल लावताना माझ्या हाताला ते लागलं. उजव्या गुडघ्यामागे, सुपारीएवढं, उडणारं.  माझा हात थांबला आणि त्याला कळलं.

"आली?" त्याने मान वळवून विचारलं.

"आली."

लहान मुलासारखा उठून बसला. हाक मारून चुलत भावाला बोलावलं. हा माझा चुलत दीर शेजारच्याच घरात राहतो, तोंडाने फटकळ, मनाने बरा. त्याने गाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बघा वहिनी, एकाच आज्याची नातवंडं आम्ही. याच्या गुडघ्यात देव आला आणि माझ्या गुडघ्यात वात."

सगळे हसले. मीही हसले.

पुढची काही वर्षं गाठ वाढत गेली. मग खोडाळ्याच्या बाजाराला जाताना तो मध्येच थांबायला लागला. पोटरी आवळते म्हणायचा. झाडाखाली बसायचा, विडी ओढायचा, पोटरी सैल झाली की उठायचा. बाजारात पोचेपर्यंत दोन-तीन विड्या व्हायच्या. थंडीत एके दिवशी त्याच्या करंगळीचं नख निळं दिसलं. शेजारचं बोटही. ठेच लागली असेल म्हणाला. मला सासऱ्यांचं पाऊल आठवलं. मी उठले. चूल पेटवली आणि पाणी गरम करून दिलं.

त्याच दिवसांत आश्रमशाळेत आरोग्य शिबिर होतं. मी माझ्या डोळ्यांसाठी गेले आणि तो सोबत आला. एक तरुण डॉक्टरीण बाकावर बसून सगळ्यांना तपासत होती. याला थट्टा सुचली.

"डॉक्टरीणबाई, तुमच्या नळीने माझा संबळ ऐका बघू."

पॅन्ट वर करून पाय पुढे केला. तिने हसतच नळी लावली आणि तिचं हसू गेलं. मग तिने दोन हातांची बोटं गाठीच्या दोन बाजूंना ठेवली. बराच वेळ ठेवली. मग मला म्हणाली, "मावशी, इकडे या. माझ्यासारखी बोटं ठेवा. सांगा, बोटं नुसती वर उचलतायत, का एकमेकांपासून लांब होतायत?"

मी परक्या माणसाशी बोलत नाही. पण तिने विचारलं होतं आणि बोटं माझीच होती.

"लांब होतायत. दोन्ही बाजूंना."

"हो ना? नुसती वर उचलली असती तर मी म्हणाले असते, रक्तवाहिनीवर एखादी गाठ बसलीय आणि खालच्या ठोक्याने हलतीय. ही गाठच नाही. रक्तवाहिनीच फुगलीय. भिंत पातळ होऊन फुगा झालाय तिचा. हे कोणी कापायचं नाही, सुई टोचायची नाही, चोळायचंही नाही." मग त्याला विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं?"

तो छाती काढून म्हणाला, "बापाला होती. त्याच्या बापालाही."

"वडील कशाने गेले?"

"फुरसं चावलं त्यांना."

ती लिहायला लागली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "त्या दिवशी ती उडायची थांबली होती."

तिने पेन खाली ठेवलं. मला पुन्हा सांगायला लावलं. खळं, पांढरं गार पाऊल, काळा रंग. मी सांगत गेले आणि सांगतानाच मला कळत गेलं. तिने सावकाश सांगितलं की फुग्यात रक्त साचून गुठळ्या होतात. बारीक तुकडे सुटले की बोटं निळी पडतात. मोठी गुठळी अडकली की सगळी वाट बंद, मग पाऊल मरतं. "मावशी, तुमच्या सासऱ्यांना साप चावला नव्हता," ती म्हणाली.

नवऱ्याने पॅन्ट खाली ओढली आणि तो घराकडे निघाला. 

तिच्या चिठ्ठीवर आम्ही नाशिकला गेलो. अंधाऱ्या खोलीत त्याच्या गुडघ्यावर गार चिकट औषध लावून मशीन फिरवलं. पडद्यावर लाल-निळे रंग गोल गोल फिरत होते आणि मशीनमधून आवाज येत होता, घुस्स, घुस्स. तो आडवा पडून माझ्याकडे बघून हसला. "संबळ ऐकलास?" पुढे त्याच्या हातात सुई लावून मोठ्या गोल यंत्रातही घातलं. पोटातली मोठी वाहिनीसुद्धा थोडी रुंद निघाली. ती आताच धोक्याची नाही, पण दर वर्षी बघायची. पायाचं मात्र ताबडतोब करायला हवं होतं.

तिथले मोठे डॉक्टर पन्नाशीचे, बोलायला शांत. नवऱ्याने त्यांना विचारलं, "साहेब, नाचून झाली का ही?"

"नुसतं नाचून नाही होत. विडी, रक्तदाब, वय, आणि तुमच्या घरातलं रक्त. पण फार पूर्वी डॉक्टर लोक तुमच्यासारखंच समजायचे. परदेशात घोडागाडी हाकणाऱ्यांना हीच गाठ व्हायची. दिवसभर गुडघे मोडून बसायचे, उंच बूट घालायचे, त्यामुळे होते असं म्हणत."

हे त्याला आवडलं. "मग काय करायचे त्यांचं?"

"पू आहे समजून कोणी कापली तर माणूस तिथेच रक्त जाऊन मरायचा. काही जण पायच कापून टाकायचे. मग दोन-अडीचशे वर्षांपूर्वी एकाने वर मांडीत वाहिनीला दोरा बांधून बघितला. सगळ्यांना वाटलं पाय मरणार. पण आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी रक्त खाली नेलं आणि पाय जगला. पुढे काही ठिकाणी नुसत्या अंगठ्याने दाबायचे. एक दमला की दुसरा, दिवसभर आळीपाळीने, आतलं रक्त गोठून गाठ भरेपर्यंत."

मला तो पातंवाला म्हातारा आठवला. सासू आडवी आली नसती तर सासरे ओट्यावरच गेले असते. जी समजूत त्यांना पात्यापासून वाचवायला उभी राहिली, तिनेच त्यांना वेळेवर दवाखान्यात जाऊ दिलं नाही. एवढी वर्षं झाली, मला अजून कळत नाही की त्या समजुतीवर रागवावं की नाही.

डॉक्टरांनी कागदावर पाय काढला. "आता आम्ही मांडीतली एक शीर काढून बाजूने नवी वाट करतो, आणि फुगा वर-खाली बांधून टाकतो." मला पटलं. शेताचा पाट फुटायला आला की आम्हीही बाजूने नवा काढतो. "या आठवड्यात भरती व्हा. तोवर उकिडवं बसायचं नाही. नाचणं तर कायमचं बंद. नवी वाट गुडघ्यात मोडली तर बंद पडेल."

नवरा म्हणाला, "बोहाडा झाला की येतो."

"तोवर पाय राहील याची मी खात्री देत नाही."

"एकदाच साहेब. शेवटचं."

आम्ही परत आलो. तेव्हापासून मी त्याच्या पायाला तेल लावलं नाही. त्याने स्वतः लावलं. करंगळी काळी पडत होती, त्यावर तो चिंधी गुंडाळायचा. भावकीतल्या म्हाताऱ्यांनीही त्याचीच बाजू घेतली. वर्षाचं सोंग आहे, रिकामं ठेवता येत नाही, त्याने नाही घेतलं तर मान दुसऱ्या घरात जाईल, आणि गेला की परत येत नाही. दिराने मात्र एकदा अंगणात त्याला सुनावलं, "पाय गेला तर मुखवटा काय खुंटीवर टांगून नाचवणार तू?"

"तुला माझा मान पाहिजे. बोल की सरळ."

दीर मान खाली घालून गेला. खरं म्हणजे त्याला मान हवाही होता आणि भाऊही हवा होता.

आमच्या सोंगाचा दिवस उजाडला. लुगडं काढून सुनेने ते ताटात ठेवायचं, मग म्हातारे येऊन घेऊन जातात, असं असतं. मी पेटी उघडली. हिरव्या लुगड्याला त्याच्या घामाचा आणि कापराचा वास येत होता. माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. मी दार लावून घेतलं आणि ते नेसले.

बाहेर आले तेव्हा म्हातारे ओट्यावर बसलेले होते.  नवरा उठून उभा राहिला. मी खाली बघत म्हटलं, "जीप भरायला लागलीय. नाशिकला जाऊ या."

"काय केलंस तू हे?" तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

एक म्हातारा म्हणाला, "उष्टं झालं. आता या घरचं सोंग होत नाय." आणि सगळे एकामागून एक उठून गेले. त्या वर्षी त्राटिका दिराने नाचवली, धाकट्या जावेच्या लुगड्यात. त्या वेळी आम्ही नाशिकला वॉर्डात होतो.

पाय वाचला. दोन बोटं गेली, ती आधीच मेली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर गुडघ्याखाली कापावा लागला असता. मी हे त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. त्याने मला कधीच बोल लावला नाही, आणि लुगड्याचं नावही काढलं नाही. घरी आला तेव्हा खाटेवर बसून तो किती वेळ गुडघ्यामागे हात लावून बघत होता. तिथे आता काही उडत नाही. मग त्याने हात काढून घेतला.

जमिनीवर उकिडवं बसायचं नाही म्हणून मोखाड्याहून प्लास्टिकची खुर्ची आणली. आमच्याकडे सगळे खाली बसतात, बोलतात, जेवतात, विडी ओढतात. तो एकटा वर. विडी सुटली, विड्यांसोबतची माणसंही थोडी सुटली. बोहाड्याच्या दिवसांत तो मुलीकडे जाऊन राहायला लागला. मी ते हिरवं लुगडं शेतात नेसते. उन्हाने विटलंय. पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा नेसेन. पण त्याला नाचताना बघितलेलीही मीच आहे, आणि ते आता कोणालाच दिसणार नाही, हेही तेवढंच खरं आहे.

या वर्षी होळीच्या आधी तो मुलीकडे गेला नाही.  एका दुपारी धाकटी जाऊ तेलाची वाटी घेऊन आमच्या ओट्यावर आली, मागून दीर.

"बाय, तुझा हात जाणता. याच्या गुडघ्यामागे बघ ना काही आलंय का."

दीर पालथा पडत म्हणाला, "नीट बघा वहिनी. गावात बोलतात, मुखवटा मिळाला पण सोंग काय याला लागलं नाय. निदान सुपारीएवढी तरी असेल."

डॉक्टरांनी नाशिकला सांगितलंच होतं की भावांनीही गुडघा आणि पोट तपासून घ्या. मी दिराला किती वेळा सांगितलं. त्याने ते दर वेळी हसण्यावारी नेलं. आता तो स्वतःहून पाय पुढे करून पडला होता, आणि दोघं नवराबायको आशेने माझ्याकडे बघत होती. मी लवणीत हात ठेवला. दोन्ही बाजूंना बोटं लावली आणि थांबले. खोल आत, बारीक, सरळ ठोका होता. बोटं जागची हलली नाहीत. डावाही बघितला.

"नाय," मी म्हणाले. "काही नाय."

मला रडू येईल असं वाटलं, इतकं बरं वाटलं. दिराचं तोंड उतरलं. जाऊ म्हणाली, "येईल अजून. दोन वर्षांत कुठे येतीय."

कोपऱ्यात खुर्चीत नवरा आमच्याकडे पाठ करून बसला होता. तो म्हणाला, "नसू दे."

 त्याने खुर्ची वळवली.

"माझ्या बापाला फुरसं चावलं नव्हतं," तो दिराला म्हणाला. "गाठीने नेलं त्याला. तू पोट दाखवून ये नाशिकला. वहिनी येईल सोबत." मग थोड्या वेळाने, "आणि अंगणात सराव करताना बघतो मी, तू सगळा भार उजव्यावर टाकतोस. उठताना डावा आधी पुढे घे. असा."

दाखवायला तो उठला. डावा पाय पुढे टाकला, कमरेत वाकला, गुडघा मोडायला लागला आणि अर्ध्यात थांबला. हात हवेत तसाच होता, त्राटिकेचा असतो तसा, बोटं ताठ. मग त्याने चाचपडत मागची खुर्ची धरली आणि बसला.

"पुढचं तुला येतंय," तो म्हणाला.